आपांचा पगार

रमजानच्या महिनाभर आधी आमच्या कमिटीत राशन-किटची यादी होते. तांदूळ, आटा, तेल, डाळ, साखर, चहापत्ती, खजूर. खेड शहरातले मोहल्ले आणि आसपासची गावे मिळून दीडशेच्या वर घरे होतात. ही यादी आपा करतात. कोणाचा मुलगा गल्फहून परत येऊन घरी बसला आहे, कोणाच्या घरात डायलिसिस चालू आहे, कोण मागायला लाजते आणि कोण दोन ठिकाणी नाव घालते, हे सगळे त्यांना ठाऊक असते. आम्ही शाळामास्तर, कमिटीचे चिटणीस. आमचे काम यादी वहीत उतरवायचे आणि खाली सही करायची. २०२५च्या रमजानची यादी उतरवताना ४१ नंबरवर एका म्हाताऱ्या बाईचे नाव आले आणि आमचा हात थांबला. त्या आपांच्या सासूबाई.

नाव आपांनी घातले नव्हते. मोहल्ल्यातल्या दुसऱ्या एका बाईने सुचवले होते आणि आपांनी ते खोडले नव्हते, इतकेच. घरात खाणारी माणसे किती, कमावते कोण, किती कमावते, हा आमचा नियम. त्या नियमात ते घर चोख बसत होते. कमावत्या एकट्या आपा, आणि त्यांना पैसे देणारे आम्ही.

महिना चार हजार. सहा वर्षांत त्यात वाढ झालेली नव्हती. कोणी मागितली नाही आणि कोणी दिली नाही. व्हाऊचरवर आम्ही 'प्रवासखर्च व मानधन' लिहीत असू. त्या प्रवासखर्चात मानधन किती आणि एसटीचे तिकीट किती, हे कधी वेगळे केले नाही. काम मात्र यादीपुरते नव्हते. स्कॉलरशिपचे फॉर्म, संजय गांधी निराधार योजनेची प्रकरणे, रेशनकार्डातली नावे, तहसील कचेरीतल्या फेऱ्या, बाळंतिणीला रात्री दवाखान्यात नेणे. २२ जुलै २०२१ला जगबुडीचे पाणी बाजारात शिरले. त्यानंतरचे तीन आठवडे आपा चिखलातच होत्या. बाहेरगावाहून मदतीचे टेम्पो येत होते. कुठल्या गल्लीत कोणाची चूल बुडाली, हे त्या सांगत आणि सामान तिकडे जाई, घर कोणाचे हे न पाहता. शेवटी त्यांनाच ताप भरला. औषधाचे बिल त्यांनी स्वतः भरले. आम्ही भेटायला गेलो, दुआ केली, आणि बरे वाटल्यावर लवकर या म्हणालो.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, आम्हाला ती सांगताना बरे वाटत नसले तरी. १४ मार्च २०२३ला राज्यभर कर्मचारी आणि शिक्षकांचा संप सुरू झाला. 'एकच मिशन, जुनी पेन्शन.' आम्ही नोव्हेंबर २००५नंतर लागलेले, त्यामुळे आम्हीही घोषणा दिल्या. त्याच आठवड्यात आपा काही फॉर्मवर सही घ्यायला आल्या होत्या. त्यांनी विचारले, "सर, म्हणजे आता तुम्हाला पेन्शन अजिबात मिळणार नाही का?" आम्ही म्हणालो, मिळेल, पण कमी, आणि किती याचा भरवसा नाही. "अच्छा," त्या म्हणाल्या आणि सही घेऊन गेल्या. त्यांना टोमणा मारायचा नव्हता. आम्हालाही तेव्हा तो लागला नाही. दोन वर्षांनी, ४१ नंबरवर लागला.

ईदनंतरच्या मीटिंगमध्ये आम्ही विषय काढला. आमचे एक बुजुर्ग मेंबर आहेत, तीस वर्षे कुवेतला काढून आलेले, देण्यात हात सैल. ते म्हणाले, "लोक जकात गरिबाच्या ताटात जावी म्हणून देतात. पगारात गेली असे कळले तर उद्या कोण देईल?" त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. कोकणातल्या कितीतरी कमिट्या याच विश्वासावर चालतात. दुसरे एक जण म्हणाले, आपा सवाबसाठी करतात, त्यांना पैशात मोजू नका. हे मात्र आम्हाला पटले नाही. आपांचा सवाब अल्लाहकडे आहे, त्याचा हिशेब कमिटीने ठेवायचे कारण नाही. कमिटीकडे राहतो तो किराणाचा हिशेब.

पुढच्या जुम्याला आम्ही मौलानांना गाठले. सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत जकातचे आठ हकदार सांगितले आहेत. फकीर आणि मिस्कीन यांच्या लगेच नंतर तिसरा क्रमांक जकात गोळा करणाऱ्या आणि वाटणाऱ्या आमिलांचा. ही आयत आम्ही लहानपणापासून ऐकतो, पण तिसऱ्या क्रमांकावर कधी थांबलो नव्हतो. मौलाना म्हणाले, आपण शाफई, आणि शाफई फिकहमध्ये आमिलला तसल्या कामाला बाहेर जी उजरत मिळते तितकी द्यायची असते. मात्र आजच्या ट्रस्टची माणसे त्या अर्थाने आमिल ठरतात का, यावर उलेमांत मतभेद आहेत. तेव्हा एहतियात म्हणून पगार जकातीतून देऊ नका, इमदादचा वेगळा फंड करा. मग त्यांनी हजरत उमर (रजि.) यांची हदीस सांगितली. जकातीच्या कामाबद्दल प्रेषितांनी (स.अ.) त्यांना मोबदला दिला. उमर म्हणाले, मी हे अल्लाहसाठी केले, माझ्यापेक्षा गरजू असेल त्याला द्या. प्रेषितांनी त्यांना तो घ्यायला लावला. हजरत अबू बक्र (रजि.) कपड्याचे व्यापारी होते. खलीफा झाल्यावर धंदा करायला वेळ उरेना, म्हणून त्यांच्या घरखर्चासाठी बैतुलमालमधून वजीफा बांधून देण्यात आला. त्यांच्या खिदमतीची किंमत त्यामुळे कमी झाली, असे आजवर कोणी म्हटलेले नाही.

आपल्या जिल्ह्यातली माणसेही हे जाणत होती. महर्षी कर्वे आपल्याच खेड तालुक्यातल्या शेरवलीत जन्मले. हिंगण्याच्या आश्रमासाठी ते पुण्याहून रोज पायी जात, हे आपण मुलांना शिकवतो. पण त्या वर्षांत फर्ग्युसन कॉलेजातली त्यांची प्राध्यापकी चालू होती आणि घर त्या पगारावर चालत होते, हे शिकवायचे राहून जाते. गुहागरकडच्या कोतळूकचे गोखले यांनी १९०५ साली भारत सेवक समाज काढला. सभासदाने स्वतःसाठी पैसे मिळवण्यात शक्ती घालवायची नाही, अशी त्याची शपथ. पण त्याच शपथेत सभासदाच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहाची सोय समाज करील, हेही धरलेले होते. त्याग होता, पण उपाशी पोटाचा नव्हता.

दुसऱ्या मीटिंगला आम्ही गणित मांडले. चार हजारांना २६ दिवसांनी भागले तर दिवसाला जेमतेम १५४ रुपये. रोजगार हमीचा राज्याचा दर २०२५-२६ला ३१२ रुपये. म्हणजे आमच्या कमिटीची बाई शासनाच्या खड्डे खणण्याच्या दराच्याही निम्म्यावर राबत होती. खोलीत कोणी बोलेना. कुवेतवाले बुजुर्गच शेवटी म्हणाले, "मास्तर, हे आधी का नाही सांगितलेत?" याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. वही तर आमच्याकडेच होती.

कायद्याचेही पाहिले. प्रॉव्हिडंट फंड वीस माणसे असतील तर, ग्रॅच्युइटी दहा असतील तर. आमच्याकडे पगार घेणारी माणसे दोन, त्यामुळे यातले काही आम्हाला बंधनकारक नव्हते. श्रमयोगी मानधन ही केंद्राची योजना २०१९ला आली. दरमहा दोनशेच्या आत भरायचे आणि साठीनंतर महिना तीन हजार पेन्शन. पण आत शिरायचे वय १८ ते ४०. आपा तेव्हा ३७ वर्षांच्या होत्या. मोहल्ल्यातल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांना त्यांनी सेतू केंद्रावर नेऊन नेऊन ते फॉर्म भरायला लावले. स्वतःचा राहिला. का, असे विचारले तर म्हणाल्या, "त्या महिन्यात मुलीची फी होती, सर. मग विसरले." आता त्या ४३ वर्षांच्या आहेत.

ठरले ते असे. महिना नऊ हजार, बँकेतून. एसटीचे भाडे वेगळे, तिकिटाप्रमाणे. आठवड्याची एक सुट्टी, त्या दिवशी फोन करायचा नाही. (हे सर्वांत अवघड जाते आहे, आणि मोडणाऱ्यांत आम्हीही आहोत.) वर्षाची एक मेडिकल पॉलिसी. पोस्टात आपांच्या नावाने हजार रुपयांची आरडी, कमिटीच्या पैशातून. आणि नेमणुकीचे पत्र. पत्राला त्यांनी पैशांपेक्षा जास्त महत्त्व दिले. मुलीच्या नर्सिंगच्या कोर्ससाठी बँकेने पगाराचा दाखला मागितला होता आणि आमच्या कागदांवर आपा 'स्वयंसेविका' होत्या. दुसऱ्यांच्या उत्पन्नाचे दाखले काढून देणाऱ्या बाईला स्वतःचा दाखला मिळत नव्हता.

फंडाचे सांगायचे तर, राशन-किटसाठी व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकला की दुबई-दोह्याहून दोन दिवसांत रक्कम पुरी होते. पगाराच्या फंडाला तसे होत नाही. लोक विचारतात, पगार कशाला, आम्ही होतो तेव्हा तर सगळे फुकट करायचो. आम्ही आपांची महिन्याभराची कामे कागदावर उतरवून पाठवतो. काहींनी तो कागद वाचून पैसे पाठवले, काहींनी उत्तर दिले नाही. आजघडीला सात महिन्यांचा पगार जमा आहे. पुढचा जमवायचा आहे.

गेल्या मीटिंगनंतर आम्ही कुलूप लावत होतो. मक्तबमध्ये मुलांना नाजिरा शिकवणाऱ्या मुअल्लिमा दाराशी येऊन उभ्या राहिल्या. आमच्याकडची दुसरी पगारी व्यक्ती त्याच, महिना दोन हजारांवर. वाढ वगैरे त्यांनी काही काढले नाही. म्हणाल्या, "सर, आपांना दिलेत तसले पत्र कसे करायचे असते?"

आम्ही कुलूप पुन्हा उघडले आणि त्यांना बसायला सांगितले.