एका घुमटाखाली दोघे भाऊ

गेल्या नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणाच्या महिन्यात, काही कामानिमित्त सुरतेस जाण्याचा आम्हांस योग आला. काम आटोपल्यावर कतारगाम दरवाजाकडील जुन्या ख्रिस्ती दफनभूमी पाहून घ्याव्या, असे मनाने घेतले.

वाचकहो, दफनभूमी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे देवळालगतचे मातीचे उंचवटे व साधे क्रूस येतात. येथे मात्र घुमट, कमानी आणि जिने! दुरून पाहणाऱ्यास एखाद्या मोगल सरदाराचे थडगे वाटावे. सतराव्या शतकात या बंदरी इंग्रज, डच, आर्मेनियन असे नाना देशींचे ख्रिस्ती लोक व्यापारासाठी येऊन राहिले. त्यांतील कितीतरी मायदेशी परतलेच नाहीत.

डचांच्या दफनभूमीत १६९१ साली निवर्तलेल्या हेन्द्रिक व्हान ऱ्हेडे यांचे भव्य थडगे आहे. केरळातील वनस्पतींविषयीचा 'होर्टुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ त्यांनी सिद्ध करविला. त्या कामी आरंभी मॅथ्यू नावाच्या कार्मेलाइट धर्मगुरूंचे त्यांस साहाय्य झाले होते. आर्मेनियन लोकांच्या शिळांवरील अक्षरे मात्र आम्हांस वाचता येईनात. आम्ही एक 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हटले व पुढे निघालो.

इंग्रजांच्या दफनभूमीत ऑक्झेंडन बंधूंच्या दुमजली थडग्यापाशी आमचे पाय खिळले. ख्रिस्तोफर १६५९ साली वारले. १६६४ साली छत्रपती शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा इंग्रज वखारीचे प्रमुख असलेले सर जॉर्ज १६६९ साली गेले. दहा वर्षांच्या अंतराने गेलेले हे दोघे सख्खे भाऊ परमुलखात एकाच वास्तूत निजले आहेत.

आमचे व आमच्या थोरल्या बंधूंचे वाडीच्या बांधावरून तीन वर्षे बोलणे नव्हते. मिस्सा एकाच देवळात ऐकावी, मेणबत्ती एकाच बापाच्या कबरीवर लावावी. पण एकाने सकाळी, तर दुसऱ्याने संध्याकाळी! शेवटी ज्यास साडेतीन हात जागा पुरते, त्याने वीतभर बांधासाठी भाऊ गमवावा काय?

गावी परतलो, तो पिशवी न ठेवताच दादांच्या घरी गेलो. दादा ओटीवर बसले होते. क्षणभर पाहून "ये," एवढेच म्हणाले. वहिनींनी पाणी आणून दिले.

बांधाचा तंटा अद्याप पुरता मिटलेला नाही. परंतु त्या रविवारी वडिलांच्या कबरीवर मेणबत्ती एकच लागली आणि ती आम्ही दोघांनी मिळून लावली.