ओहोटीची वाट

२६ डिसेंबर २००४. रविवार, मार्गशीर्ष पौर्णिमा, नाताळची सुट्टी. सकाळी गेटवेहून मांडव्याची लाँच धरली. माझी आठ वर्षांची लेक कठड्याशी उभी राहून सीगलना चिवडा टाकत होती. पाणी शांत होतं.

पौर्णिमेला बाराच्या सुमारास भरती, सहाच्या सुमारास ओहोटी. अलिबागकरांना हे घड्याळ न बघता ठाऊक असतं. ‘कुलाबा किल्ल्यावर चालत जायचंय ना? मग चारपर्यंत दम धरा,’ खानावळीतल्या काकू म्हणाल्या. मार्गशीर्ष म्हणून मासे वर्ज्य. पानात वालाचं बिरडं, भात, सोलकढी. कोपऱ्यातल्या टीव्हीवर आधी कोणाचं लक्षच नव्हतं. मग एकेक जण जेवायचं थांबला. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर पाणी शिरलं होतं. नागपट्टणम, अंदमान, श्रीलंका. मृतांचा आकडा आधी शेकड्यांत होता. आमचा ताकभात होईतो हजारांत गेला. ‘त्सुनामी’ हा शब्द त्या खोलीत कोणी पूर्वी ऐकलेला नव्हता. काकू पळी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

परत फिरायचं का? लेकीने महिनाभर किल्ल्याची वाट पाहिली होती. आम्ही गेलो. ते बरोबर केलं का, हे मला आजही सांगता येत नाही.

ओहोटीने वाट उघडली होती. वाळूवर लाटांच्या वळ्या, खळग्यांत अडकलेलं पाणी, टांग्यांच्या चाकांचे चर. समुद्राच्या तळावरून माणसं निर्धास्त चालली होती. कोणाच्या कडेवर मूल, कोणाच्या हातात चपला. किल्ल्याच्या तटाचे चिरे चुन्याशिवाय नुसते एकमेकांवर बसवलेले आहेत आणि शिवकाळापासून लाटा सोसत उभे आहेत. एरवी मी ते लेकीला कौतुकाने दाखवलं असतं. त्या दिवशी मी सारखी पश्चिमेकडे बघत होते. सिद्धिविनायकापुढे हात जोडले, पण काय मागावं ते सुचेना.

परतताना वाळूवर एक कोळीण भेटली, डोक्यावर रिकामी पाटी. तिलाही बातमी कळली होती. ती म्हणाली, ‘दर्यान गेलेली वाचतील गो बाय. घात किनाऱ्यावरच्यांचा हाय.’ तसंच झालं होतं. खोल समुद्रात त्या लाटेची उंची जेमतेम असते, होडीला ती जाणवतही नाही. किनाऱ्याजवळ तळ उथळ होतो तशी ती उभी राहते. नागपट्टणमच्या कोळीवाड्यांतल्या बायका आणि मुलं घरात होती, किनाऱ्यावर होती. एकट्या त्या जिल्ह्यात सहा हजारांवर माणसं गेली.

पुढे बरंच वाचलं. सुमात्राजवळ भूकंप झाला तो आपल्याकडच्या सकाळी साडेसहाला. नागपट्टणमला पाणी चढलं नऊच्या सुमारास. तेव्हा आमचा चिवडा चालला होता. महाबलीपुरमला समुद्र मागे हटला आणि कधी न दिसलेले खडक उघडे पडले. थायलंडमध्येही आधी पाणी ओसरलं, माणसं कुतूहलाने पुढे गेली. तिथे टिली स्मिथ नावाच्या दहा वर्षांच्या इंग्रज मुलीला भूगोलाचा धडा आठवला, तिने आईवडिलांना सावध केलं आणि किनारा वेळेत रिकामा झाला. मला तो धडा ठाऊक नव्हता. अवेळी पाणी मागे गेलं असतं, तर मीही लेकीला शिंपल्यांसाठी पुढे पाठवलं असतं. खरं तर आपल्या समुद्रानेही हे पाहिलेलं आहे. नोव्हेंबर १९४५मध्ये मकरानच्या भूकंपाची लाट थेट मुंबईपर्यंत आली होती, माणसं बुडाली होती. आम्ही ते विसरून गेलो होतो.

आणखी एक गोष्ट वाचली, ती मात्र मनातून जात नाही. २६ डिसेंबरची ती लाट भारताच्या टोकाला वळसा घालून अरबी समुद्रातही आली होती. गोव्यात मार्मागोव्याच्या आणि गुजरातेत ओख्याच्या भरतीमापकांवर तिची नोंद आहे. या दोन्हींच्या मध्ये अलिबाग येतं.

परतीच्या वाटेवर सूर्य टेकला होता, समोर जमिनीकडून चंद्र वर येत होता. एका खळग्यापाशी लेकीने फ्रॉक वर धरला आणि ती पाण्यात उतरली. ‘आई, बघ, हलतंय,’ ती म्हणाली. पाणी तिच्या घोट्यापर्यंत होतं.