‘यस सर’वाला भाचा

ऑनलाइन शाळेत सगळ्यात जास्त टाईप होणारा शब्द कुठला, माहितीये? ‘यस’. सर विचारतात, ‘अंडरस्टुड?’ की चॅटमध्ये धडाधड यस, यस, यस! कॅमेरे बंद, माईक म्यूट. वर्गात निदान कोरा चेहरा बघून बाईंना कळायचं, की याच्या डोक्यावरून गेलंय. इथे चेहराच नाही.

माझा भाचा असाच एक ‘यस’वाला. वय 15, बॅडमिंटनचं वेड. प्रॅक्टिस दोन्ही वेळ, म्हणून ताईने त्याला एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावीला बसवलं. शिकवणी ऑनलाइन. ताई-जिजू दिवसभर ऑफिसात. मी फ्रीलान्सर, म्हणजे ‘तू घरीच असतेस ना!’ त्यामुळे लक्ष ठेवायचं काम आपसूक माझ्याकडे.

मुक्त विद्यालयाचा फंडा तसा एकदम कूल. एकदा प्रवेश घेतला की पाच वर्षांत परीक्षेच्या नऊ संधी! पण पंधरा वर्षांच्या पोराच्या हिशेबात नऊ संधी म्हणजे आठ वेळा ‘पुढच्या वेळी बघू’. शिवाय टीएमए नावाचे स्वाध्याय असतात. 20 टक्के मार्क त्यांचे, आणि मुदतीत द्यावे लागतात. मी बघितलं तेव्हा पाचपैकी तीन विषयांचे कागद कोरे होते. मॅथ्समध्ये तर साहेब तीन आठवडे मागे. ‘दहावीच नको मला,’ इथवर गाडी आलेली.

‘सरांना विचारलंस?’

‘काय विचारू मावशी? सगळंच येत नाही.’

खरी गोम ही होती. आळस नव्हता तो. मदत मागायची कशी, हेच पोराला माहीत नव्हतं. कोर्टवर मात्र कोचला बरोब्बर सांगतो, ‘बॅकहँडला मनगट वळत नाही.’ म्हटलं, मॅथ्सचंही तसंच सांग की! मग दोघांनी मिळून मेसेज लिहिला : ‘सर, क्वाड्रॅटिकमध्ये मधलं पद फोडताना आकडे बरोबर येतात, प्लस-मायनस चुकतं. हे माझं उदाहरण.’ सोबत वहीचा फोटो. तासाभरात सरांची व्हॉइस नोट हजर! त्यांनाही बहुधा हायसं वाटलं असावं. ‘यस’ला उत्तर तरी काय देणार?

जिजूंचं म्हणणं होतं, त्याच्या खोलीत कॅमेरा बसवू. मी साफ विरोध केला. पंधरा वर्षांच्या मुलावर पाळत ठेवली की तो फक्त लपवण्यात एक्स्पर्ट होतो. त्यापेक्षा आम्ही दुपारी डायनिंग टेबलवर समोरासमोर बसतो. तो टीएमए लिहितो, मी माझी कॉपी. दोघांचीही डेडलाइन! रविवारी ताई एकच प्रश्न विचारते, ‘या आठवड्यात कुठे अडलास?’ मार्कांचा विषय नाही. मोबाइलमधले रिमाइंडर तो सरळ उडवून लावायचा, म्हणून तारखा आता फ्रीजशेजारच्या कालनिर्णयवर आहेत, लाल पेनाने.

मॅथ्स रुळावर येतंय. सायन्सचा टीएमए अजून बाकी आहे. काल क्लास चालू असताना त्याने पहिल्यांदाच माईक ऑन केला आणि म्हणाला, ‘सर, नो. परत सांगा.’ चॅटमध्ये लगेच आणखी चौघांचं ‘मी टू’ आलं.