सुगरणीचा खोपा आणि माझी आजी

मागच्या महिन्यात शाळेत पालकसभा झाली. आई-बाबा रानात होते, म्हणून आजी आली. सही करायच्या वेळी तिने अंगठा उठवला. पोरं हसली. मला लाज वाटली. घरी येताना मी आजीचा हात धरला नाही.

रविवारी पाऊस लागला होता. मी ताईचे जुने पुस्तक काढले. त्यात बहिणाबाई चौधरी यांची सुगरणीच्या खोप्याची कविता आहे. ती मला पाठ आहे, पण नीट अशी मी ती कधी वाचलीच नव्हती. खाली बहिणाबाईंची माहिती होती. त्यांना लिहितावाचता येत नव्हते! शेतात राबताना, जात्यावर दळताना त्या गाणी रचत. मुलगा सोपानदेव व घरच्यांनी ती लिहून ठेवली. त्या वारल्यावर १९५२ साली त्यांचे पुस्तक निघाले.

पाऊस उघडल्यावर मी आजीला विहिरीवर नेले. बाभळीला खोपे लोंबत होते. मी म्हणालो, "आजी, बघ सुगरण कशी विणतीय."

आजी हसली. "आरं, पिवळ्या डोक्याचा त्यो नर हाय. त्योच विणतो. मादी आत शिरून बघती, पसंत पडलं तरच ऱ्हाती."

मी पुष्कळ वेळ बघत बसलो. खरेच, विणणारे सगळे पिवळ्या डोक्याचे होते. हे आमच्या पुस्तकात नाही.

येताना मी आजीचा हात धरला. आता रोज रात्री आजी सांगते आणि मी वहीत उतरवून घेतो. पुढच्या पालकसभेला आजीच येणार, असे मी घरी सांगून ठेवले आहे.

– इयत्ता चौथी