एक, तीन, चार, दोन

मोहर्लीच्या आमच्या घरात वाढलेल्या सगळ्या भावंडांना एक पाढा अजून तोंडपाठ आहे: एक, तीन, चार, दोन. घरच्या पेट्रोल जीपचे, महिंद्राच्या सीजे-३बीचे सिलिंडर याच क्रमाने पेटत, आणि मोठेबाबा टॅपेटही, म्हणजे व्हॉल्व्हची फट, याच क्रमाने लावत.

तेंदूपत्त्याचा हंगाम तोंडावर आला की एखाद्या पहाटे हे काम निघे. इंजिन थंडगारच हवं. गाडी न्यूट्रलला टाकायची, चारही प्लग काढायचे, म्हणजे हँडल पोट्ट्यांच्याही हाताने फिरे. अंगठा मात्र बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हा दंडक. गाडी सुरू करताना हँडलने उलटा झटका दिला तर हात मोडतो. म्हणून सवय आधीच लावलेली.

“हळू बापा, हळू,” बॉनेटखालून आवाज येई. चार नंबरचा एक व्हॉल्व्ह मिटतोय आणि दुसरा उघडायला लागलाय, असं दिसलं की “थांब!” त्या घडीला एक नंबरचे दोन्ही पूर्ण मिटलेले असतात. मग फिलर गेजची पत्ती आत: इनटेकला १८ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), एक्झॉस्टला १६. इनटेक वर हेडमध्ये, एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये. त्यासाठी बाजूचं झाकण उघडावं लागे. पत्ती सरकताना किंचित ओढ लागली पाहिजे. नट कसला की पुन्हा तपासायचं, कारण कसताना फट हलते. मग हँडलचा अर्धा फेरा, आणि तीन नंबर. निघालेले नट माय जुन्या परातीत ओळीने मांडून ठेवी.

फट जास्त राहिली तर टकटक. कमी पडली तर तापल्यावर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. बाळंतिणीला चंद्रपूरला न्यायचं ते याच जीपने, जंगलातल्या रस्त्याने. तिथे गाडी बंद पडून चालणार नव्हतं.

शेवटी मोठेबाबा एकच प्लग लावून हँडल फिरवायला देत. दर दोन फेऱ्यांत एकदा हाताला दाब लागे. ते कंप्रेशन.

१९९५ मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. आता मोहर्लीच्या गेटवर सफारीच्या जिप्सींची रांग असते, आणि त्या चावीने सुरू होतात. आमची जीप ताईकडे अजून चालते. यंदा सुट्टीत नातवंडं आली की टॅपेट त्यांच्याच हातून लावायचे, असं आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. चार स्ट्रोक पुस्तकातून पाठ होतात. ते हाताला कळायला इंजिन सावकाश फिरवावंच लागतं.