दोघेच

'दोघेच' हा शब्द आमच्या घरात तीस वर्षे कोणी उच्चारला नव्हता. प्रवासाचा बेत निघाला की बघता बघता त्याची दिंडी होई. लातूरच्या लग्नाला जावे, तर एका जीपमध्ये अकरा माणसे आणि मांडीवर लाडवांचा डबा! महाशिवरात्रीला हिमायतनगरात श्रीपरमेश्वराची यात्रा भरली की सारे गणगोत उलट आमच्याकडेच. म्हणून गेल्या मार्गशीर्षात, लग्नाच्या तिसाव्या वाढदिवशी, मी हैदराबादचा बेत सांगितला, तेव्हा आमच्या मंडळींचा पहिला प्रश्न होता, "आणखी कोण कोण?"

हैदराबाद आम्हांला परके नव्हे. 1956 पर्यंत आमची राजधानी तीच. शिवाय त्या शहरातही एक हिमायतनगर आहे. तेव्हा आपण गावातून गावातच चाललो आहोत, अशी मी तिची समजूत घातली.

दोन दिवसांचे टिपण मी तासागणिक लिहिले होते. 1591 सालचा चारमिनार, लाडबाजारातील लाखेच्या बांगड्या, सालारजंग संग्रहालयातील वाजते घड्याळ, सायंकाळी हुसेनसागर. भोकर, मुदखेड करीत गाडी बासरच्या पुलावर आली. गोदावरी दिसताच तिने हात जोडले; मी घड्याळ पाहिले.

संग्रहालयाच्या दारी पोचलो, तो शुक्रवार होता. शुक्रवारी ते बंद असते, एवढी एकच गोष्ट माझ्या टिपणात नव्हती. मी ओशाळलो. ती मात्र हसली. "बरं झालं. आता पुढं काय, ते तुम्हांलाही ठाऊक नाही!"

जवळच्या इराण्याकडे उस्मानिया बिस्किटे चहात बुडवीत आम्ही निवांत बसलो. बोलता बोलता ती म्हणाली, लग्नाच्या वर्षी तिला शिक्षिकेच्या नोकरीचे पत्र आले होते. ते अजून पेटीच्या तळाशी आहे.

"मला का नाही सांगितलंस?"

"अहो, तुम्ही एकटे सापडलातच कधी?"

यावर मला उत्तर सुचले नाही. मी टिपणाची घडी करून खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी गोवळकोंडा. प्रवेशद्वाराच्या घुमटाखाली वाजविलेली टाळी वर बालाहिसारपर्यंत ऐकू येते. शत्रूची वर्दी देण्याची ती जुनी युक्ती. गुडघ्यामुळे ती खालीच थांबली. तिने टाळी वाजवायची आणि मी ऐकायची, असे ठरले. धापा टाकीत मी माथा गाठला. खालून टाळ्या पुष्कळ येत होत्या. पण त्यांतली तिची कोणती, ते मला काही केल्या ओळखता येईना.

"ऐकू आली?" खाली येताच तिने विचारले.

"आली," मी म्हणालो.

परतीच्या गाडीत मात्र मला राहवेना. बासरचा पूल येण्यापूर्वीच मी सारे कबूल केले.

"ठाऊक होतं मला," ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली. "एवढ्या माणसांत मला लाज वाटली. मी टाळी वाजवलीच नव्हती."