न थांबणारा डाव

बुद्धिबळात एक मोठी सोय असते. आपण विचार करत असतो तोवर समोरचा मुकाट्यानं वाट पाहतो. घर चालवणाऱ्या बाईला अशी सोय कधी मिळाली आहे का? सकाळी सात वाजता एका शेगडीवर कुकर, दुसरीवर तवा, डबे भरायचे बाकी, पाण्याची मोटर बंद करायची आठवण ठेवायची, आणि त्याच क्षणी दारात दूधवाला! यातलं कुणीही ‘थांबा, मी जरा विचार करते’ म्हटल्यानं थांबत नाही. कुकरच्या शिट्ट्या होतच राहतात.

कॉम्प्युटरवरच्या खेळांत एक प्रकार अगदी असाच आहे. त्याला ‘रिअल टाइम स्ट्रॅटेजी’ म्हणतात. यात आळीपाळीनं चाली नसतात. दोघांचंही घड्याळ एकदमच चालू होतं आणि डाव संपेपर्यंत चालूच राहतं. आपण हातावर हात ठेवून बसलो, तर समोरचा तेवढ्या वेळात चार घरं आणि दहा शिपाई उभे करतो.

हा प्रकार आता संपत चालला आहे, असं हल्ली वरचेवर ऐकू येतं. तुम्ही म्हणाल, ‘साठी उलटलेल्या आजीबाईला याची काय काळजी?’ काळजी आहे. का, ते सांगते.

तीन गावकरी आणि थोडी मेंढरं

आम्ही तेव्हा इंदूरला राहत होतो. 1999 मध्ये ‘एज ऑफ एम्पायर्स’चा दुसरा भाग आला आणि पुढच्या वर्षा-दोन वर्षांत तो आमच्याही घरी पोहोचला. मुलगा सातवीत होता, मुलगी पाचवीत. कॉम्प्युटर एकच, त्यामुळे भांडणं रोजची. मुलगा खेळत असला की मुलगी मागे उभी राहून ओरडायची, “दादा, तुझी माणसं रिकामी बसलीत बघ!”

त्या ओरडण्यातूनच मला खेळ कळत गेला. सुरुवातीला तुमच्याजवळ असतं काय? गावाच्या मधोमध एक मोठी इमारत, तीन गावकरी आणि एक टेहळणी करणारा घोडेस्वार. गाठीला 200 अन्न, 200 लाकूड, 100 सोनं आणि 200 दगड. आसपास थोडी मेंढरं. एक नवा गावकरी हवा असेल तर 50 अन्न मोजायचं. एका घरात पाच जण मावतात. घर बांधायला विसरलात की माणसं वाढणं बंद. पुढच्या युगात जायला 500 अन्न लागतं, त्याच्या पुढच्याला 800 अन्न आणि 200 सोनं. शत्रू कुठे आहे, ते सुरुवातीला दिसतही नाही, कारण न पाहिलेला सगळा मुलूख काळोखात असतो.

मला हे पाहून हसूच आलं. महिन्याच्या एक तारखेला पगार आला की मी वेगळं काय करत होते? इतकं किराण्याला, इतकं फीला, इतकं अडीअडचणीला. सगळं आजच खाल्लं तर उद्या पंचाईत, आणि सगळंच साठवून ठेवलं तर घर पुढे सरकत नाही. लढाईचा खेळ म्हणून मुलं ज्याच्यामागे वेडी झाली होती, त्यातली तीन चतुर्थांश गंमत घरखर्चाचीच होती.

जेव्हा त्याचं राज्य होतं

या प्रकाराला आजचं रूप आलं ते 1992 च्या ‘ड्यून टू’ या खेळामुळे. अमेरिकेतल्या लास वेगासच्या वेस्टवूड स्टुडिओजनं तो बनवला होता. माल गोळा करा, इमारती बांधा, सैन्य उभारा आणि हे सगळं घड्याळ चालू असतानाच करा, ही घडी तिथे बसली. मग 1994 मध्ये ‘वॉरक्राफ्ट’, 1995 मध्ये ‘कमांड अँड कॉन्कर’, 1997 मध्ये ‘एज ऑफ एम्पायर्स’, 1998 मध्ये ‘स्टारक्राफ्ट’, अशी रांगच लागली. कॉम्प्युटरवरचा खेळ म्हटलं की याच खेळांची नावं अनेकांच्या ओठांवर यायची.

दक्षिण कोरियात तर ‘स्टारक्राफ्ट’नं कहर केला. 1997 च्या आर्थिक संकटानंतर तिथे वेगवान इंटरनेट गल्लोगल्ली पोहोचलं आणि तासाच्या भाड्यानं कॉम्प्युटर देणारी दुकानं निघाली. त्या दुकानांतून नामांकित खेळाडू तयार झाले. 2000 मध्ये अशा सामन्यांना वाहिलेली दूरदर्शन वाहिनीसुद्धा सुरू झाली. 2004 मध्ये बुसान शहराच्या समुद्रकिनाऱ्यावर झालेल्या एका अंतिम सामन्याला लाखभर माणसं जमल्याचं सांगतात. तिथले पट्टीचे खेळाडू एका मिनिटात तीनशेहून जास्त वेळा माऊस आणि की-बोर्ड दाबतात. पेटीवर बोटं फिरावीत तशी त्यांची बोटं फिरतात.

वाड्याच्या वाटण्या

मग असं झालं तरी काय? मला वाटतं, एकत्र कुटुंबाच्या वाड्याचं जे होतं तेच झालं. वाडा कुणी पाडला नाही. त्याच्या वाटण्या झाल्या.

2002 मध्ये ‘वॉरक्राफ्ट’चा तिसरा भाग आला. त्यात खेळणाऱ्यांना स्वतःचे नकाशे बनवायची सोय होती. काही हौशी मंडळींनी त्यातून एक वेगळाच खेळ घडवला. घरं बांधणं नाही, लाकूड तोडणं नाही, प्रत्येकानं एकच वीर सांभाळायचा आणि पाच-पाच जणांच्या संघांनी लढायचं. हाच तो ‘डोटा’. त्याच्यापासून स्फूर्ती घेऊन 2009 मध्ये ‘लीग ऑफ लेजेंड्स’ आला, 2013 मध्ये ‘डोटा टू’ आला. 2021 मध्ये ‘डोटा टू’च्या एकाच स्पर्धेची बक्षिसं 4 कोटी डॉलरच्या घरात गेली. थोरल्या भावापेक्षा धाकटा श्रीमंत झाला!

शत्रूच्या वाटेवर बुरूज बांधून त्याला अडवायचं, एवढाच भाग घेऊन दुसरं बिऱ्हाड निघालं. आणि गाव वसवण्याचा भाग घेऊन तिसरं बिऱ्हाड थेट मोबाइलवर गेलं. फिनलंडच्या सुपरसेल कंपनीचा 2012 चा ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ हे त्यातलं सर्वांत गाजलेलं नाव.

इकडे जुन्या वाड्यात एकेक दिवा मालवत गेला. वेस्टवूड 2003 मध्ये बंद झालं. ‘एज ऑफ एम्पायर्स’ बनवणारं एन्सेम्बल स्टुडिओज 2009 च्या सुरुवातीला बंद झालं. ‘स्टारक्राफ्ट’चा दुसरा भाग 2010 मध्ये मोठ्या थाटात आला खरा, पण त्यासाठी विकत घ्यायचा नवा मजकूर यापुढे बनवणार नाही, असं 2020 मध्ये जाहीर झालं.

कारणंही उघड आहेत. हा खेळ माऊस आणि की-बोर्डसाठी जन्मलेला. फोनच्या काचेवर बोटानं दोनशे माणसं हाकणं महाकठीण. शिवाय खेळ शिकायलाच काही आठवडे जातात. आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे, समोरासमोरच्या डावात हरलात तर दोष द्यायला कुणी नसतं. पाच जणांच्या संघात ‘त्याच्यामुळे हरलो’ म्हणता येतं. इथे मेंढरं तुमची, घरं तुमची, विसरभोळेपणाही तुमचाच!

वेळ विकत मिळतो तेव्हा

हे सगळं मी ‘काळ बदलतो’ म्हणून सोडून दिलं असतं. पण आता माझा नातू अकरा वर्षांचा आहे आणि तो फोनवर गाव वसवतो. एकदा त्याच्याजवळ बसून मी तो खेळ नीट पाहिला. रंग सुरेख, चित्रं गोजिरवाणी. त्यानं एक भिंत बांधायला घेतली आणि फोन बाजूला ठेवला.

“का रे, खेळ संपला?” मी विचारलं.

“नाही गं आजी. भिंत व्हायला अठरा तास लागणार. हिरे घेतले तर लगेच होईल. बाबांना सांग ना!”

हिरे म्हणजे खऱ्या पैशांनी घ्यायचे हिरे. तेव्हा मला दोन खेळांतला खरा फरक उमगला. जुन्या खेळात अन्न, लाकूड, सोनं कमीजास्त असू शकतं, पण वेळ दोघांनाही सारखाच. गावकरी तयार व्हायला पंचवीस सेकंद लागतात, ते राजाच्या मुलाला आणि शिपायाच्या मुलालाही. नव्या खेळात वेळच दुकानात मांडलेला असतो. ज्याच्या खिशात पैसा त्याची भिंत आधी. वाटण्यांत वीर एकानं नेला, बुरूज दुसऱ्यानं, गाव तिसऱ्यानं. ‘वेळ सर्वांना सारखा’ हा नियम मात्र फोनकडे गेलेल्या बिऱ्हाडानं वाड्यातच सोडून दिला.

मुलांनी खेळू नये, असं मी म्हणत नाही. पण वाट पाहणं म्हणजे पैसे नसणं, असं मूल शिकलं, तर ते पुढे आईवडिलांना जड जाईल.

‘लाकूड पाठव’

आता माझ्या काळजीचं खरं कारण. 2020 मध्ये आमचे हे गेले. त्यानंतर इंदूरचं घर विकायचं ठरलं आणि त्यावरून मुलगा आणि मुलगी यांच्यात बिनसलं. मुलगा पुण्यात, मुलगी कॅनडात टोरांटोला. कोण काय बोललं, ते इथे उगाळत नाही. ज्या घरात हे घडलं आहे त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांच्याकडे घडलं नाही त्यांनी देवाचे आभार मानावेत. दोघांचे फोन बंद झाले. राखीसुद्धा त्या वर्षी आली नाही.

पण एक गोष्ट बंद झाली नाही. ‘एज ऑफ एम्पायर्स’चा तो दुसरा भाग नव्या रूपात 2019 मध्ये पुन्हा आला होता आणि दोघं दर आठवड्याला एका बाजूनं, कॉम्प्युटरविरुद्ध तो खेळत. आपल्याकडे रविवारची सकाळ, तिच्याकडे शनिवारची रात्र. भांडणानंतरही दोघं ठरल्या वेळी डावात हजर! या खेळात बाजार बांधला की आपल्या साथीदाराला अन्न, लाकूड, सोनं पाठवता येतं. वाटेत थोडा कर कापला जातो एवढंच. मी बाजूला भाजी निवडत बसायची. कितीतरी रविवार त्यांच्यात एवढंच बोलणं झालं, “लाकूड पाठव.” “पाठवलं.” “डावीकडून येतायत.” “बघितलं.”

घड्याळ थांबत नव्हतं, म्हणून रुसून बसायलाही सवड नव्हती. संकटात सापडलेल्याला मदत आत्ताच पाठवावी लागते. भांडण मिटेपर्यंत थांबता येत नाही. सात-आठ महिन्यांनी एका रविवारी डाव संपल्यावर मुलीनं खेळ बंद केला नाही. जरा वेळानं म्हणाली, “दादा, बाबांचं ते जुनं घड्याळ तुझ्याकडेच राहू दे.” मुलगा म्हणाला, “तू ये, मग ठरवू.” मी उठून आत गेले. आईनं काही वेळा तिथे नसणंच बरं.

एका खेळानं घर जोडलं, असं मी म्हणणार नाही. जोडलं ते दोघांनीच. पण रोज निदान आठवड्यातून एकदा दोघांना एका बाजूला उभं करणारी जागा त्या खेळानं राखून ठेवली, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

वाडा अजून उभा आहे

मग हा प्रकार मरतो आहे का? पूर्वीसारखं राज्य त्याचं उरलं नाही, हे कबूल. पण दिवा विझलेला नाही. ‘कमांड अँड कॉन्कर’ला 2020 मध्ये नवी झळाळी मिळाली. 2021 मध्ये ‘एज ऑफ एम्पायर्स’चा चौथा भाग आला. 2022 मध्ये दुसऱ्या भागाला खास भारतावरची पुरवणी मिळाली. तिच्यात बंगाली, द्रविड आणि गुर्जर अशा नव्या सेना आल्या. वीस वर्षांहून जुन्या खेळासाठी नवी पुरवणी निघते, याचा अर्थ ती घेणारं कुणीतरी आहे.

शास्त्रीय गाण्याच्या बैठकीला सिनेमाच्या गाण्याइतकी गर्दी होत नाही, म्हणून बैठक मेली असं आपण म्हणत नाही. श्रोते कमी असतात, पण जाणते असतात. शिकवणारा आणि शिकणारा, दोघंही टिकले की झालं.

मोठ्या सुट्टीत लेक घरी आली, तेव्हा भाच्याला तिनं शेजारी बसवलं आणि तीन गावकरी त्याच्या हवाली केले. पहिला डाव तो वीस मिनिटांत हरला. दुसराही हरला. मग त्यानं आत्याला विचारलं, “यात हिरे कुठे मिळतात?”

“मिळत नाहीत,” ती म्हणाली. “मेंढरं शोध आधी.”

तो थोडा वेळ गप्प बसला आणि घोडेस्वाराला घेऊन काळोखात शिरला.